दाजींचं अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा तो टेम्पोतून उतरून अर्धा तास घरासमोरच्या खळ्यातच उभा होता. टेम्पोवाला घाईला आलेला, दोरखंड सुटलेले, आणि शेजारचे दाजी चपला बाजूला काढून, हात जोडून, डोळे मिटून देवाला आमचा पत्ता सांगत होते. चिंचेकडचं घर, विहिरीच्या उजव्या बाजूचं, कौलावर पत्रा टाकलेलं. आमच्या वाडीत एकाच आडनावाची अकरा घरं आहेत. आशीर्वाद चुकून पुढच्या घरी पडला तर परत कोण आणणार, असा त्यांचा हिशेब.

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, असं वाटणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या मालवण भागात कुठलंही काम सुरू करताना एकजण देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि मागणं मागतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवळातल्या गाऱ्हाण्याचे मानकरी ठरलेले असतात, त्यात दाजींना शिरकाव नव्हता. म्हणून त्यांनी वाडीतली किरकोळ गाऱ्हाणी अंगावर घेतली होती. पंप बसवला, दाजी. म्हैस व्याली, दाजी. लसीच्या रांगेत त्यांनी पहिल्या डोसला गाऱ्हाणं घातलं, तेव्हा सगळी रांग मास्कमधून व्हय म्हाराजा म्हणत होती आणि नर्सबाई सुई वर धरून थांबल्या होत्या.

तर त्या दिवशी दाजींनी देवाला सांगितलं, की ह्या थंड पेटीत जां काय ठेवतीत तां खराब जाव नये. व्हय म्हाराजा. लाईट वरचेवर जाव नये. व्हय म्हाराजा. "आणि ह्या घरातल्या सासू-सुनेचां आता पटता तसांच पुढेय पटांदे." यावर माझ्या सासूबाई सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणाल्या. मागोमाग टेम्पोवालाही म्हणाला. आमचं पटणं न पटणं हा वाडीचा विषय आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि दाजींशी मी आठवडाभर बोलले नाही.

"देवाक सगळां ठावक आसा, पण सांगलेलां बरां," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मात्र एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. एवढ्या लोकांची एवढी मागणी घालणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

दाजींचं लग्न उशिरा झालं. बायको स्मिता मुंबईला नोकरीत, ती तिने लग्नानंतरही सोडली नाही. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत ती मुलीला, सानवीला घेऊन गावी आली. पुढे तिच्या ऑफिसने तिला परत बोलावलं, पण सानवी आमच्या शाळेत रुळली होती, म्हणून ती दाजींजवळ राहिली. मी त्याच शाळेत शिकवते, सानवीचा चौथीचा वर्ग माझाच. शेजारीण आणि बाई अशा दोन्ही नात्यांनी मी त्या बापलेकीला बघत होते.

बघण्यासारखं तसं काही नसायचं. संध्याकाळी सानवी पडवीत अभ्यासाला बसे. दाजी तिच्यासमोर झावळं घेऊन बसत, सुरीने पात सोलून हीर वेगळे काढत आणि त्यांच्या केरसुण्या बांधत. तासन्‌तास दोघं अवाक्षर बोलत नसत. जगासाठी देवाकडे एवढं बडबडणारा माणूस घरात इतका गप्प कसा, याचं मला नवल वाटायचं.

पुढच्या वर्षी शाळा जेमतेम सुरळीत झाली आणि पुन्हा रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या. शाळा पुन्हा मोबाईलवर जाणार का, हा एकच प्रश्न. वरून कळवलं, की स्थानिक परिस्थिती पाहून पालकांच्या संमतीने शाळेने ठरवावं. शाळा म्हणजे आमचे हेडमास्तर. ते घाटावरचे, बायकामुलांना तिकडे ठेवून दोनच महिन्यांपूर्वी फोंडाघाट उतरून आलेले. ते म्हणाले, आणखी आठवडाभर वाट पाहू. तो आठवडा तीन आठवडे चालला. पालकांच्या ग्रुपवर सकाळी शाळा बंद व्हायची आणि दुपारी उघडायची. आचऱ्याच्या कोणीतरी ऐकलेलं, मालवणच्या कोणीतरी पाहिलेलं, सगळं तिथे येऊन पडायचं. कोणाला पोरांच्या जिवाची धास्ती, कोणाला पोरं घरी राहिली तर स्वतःच्या.

दाजी ग्रुपवर नव्हते. त्यांच्याकडे बटणांचा फोन. ते रोज सकाळी सानवीला शाळेत सोडत आणि फाटकाशी उभं राहून मला विचारत, "बाई, ठरला काय?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा सैल पडायचा. बाकीचे पालक निर्णय लागत नाही म्हणून वैतागलेले. निर्णय लागत नाही म्हणून खूश होणारा हा एकच पालक.

त्याचं कारण मला स्मिताच्या फोनवरून कळलं. तिचं काम आता बरंचसं घरून होतं. शाळा मोबाईलवरच भरणार असेल तर ती मुंबईतूनही भरेल, मग पोरीने माझ्याजवळ का राहू नये, असं तिचं म्हणणं. "बाई, मला माझी मुलगी दोन महिन्यांतून एकदा दिसते," ती म्हणाली. यात चूक काय काढणार? मी म्हटलं, बघू काय ठरतंय ते.

अखेर पालकांची सभा लागली. शाळेच्या मैदानात, चुन्याने आखलेल्या गोलांत उभं राहून. शाळा वर सड्यावर, कातळाच्या माळावर; ती चढण चढताना दाजी माझ्याबरोबर होते. धुतलेला सदरा, हातात नारळ. निम्म्या वाटेवर ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, आज सगळ्यांचां झाला की शेवटाक माझां एक घालतलंय. शाळा हंयच भरांदे, चेडू हंयच ऱ्हवांदे. इतक्याच."

चेडू म्हणजे त्यांची पोर, सानवी. "घाला की," एवढंच म्हणाले.

हेडमास्तरांनी परिस्थिती समजावून सांगितली. त्यांच्या मनात ऑनलाईन होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी विचारलं, की पालकांचं मत काय? कोणी पुढे होईना. मास्कमुळे कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे तेही कळेना. तेवढ्यात दाजी आपल्या गोलातून दोन पावलं पुढे आले, चपला काढल्या, नारळ समोर ठेवला.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा."

अख्खं मैदान म्हणालं, "व्हय म्हाराजा."

गाऱ्हाण्याला क्रम असतो. आधी देव, मग आलेला पाहुणा, मग गाव, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः. दाजींनी क्रम कधी मोडला नव्हता, आजही मोडला नाही. हे हेडमास्तर घर सोडून आमच्या पोरांका शिकवूक इले आसत, त्यांका हंयचां पाणी मानवांदे. व्हय म्हाराजा. त्यांच्या मागे घाटावर जी पोरांबाळां आसत, त्यांका सुखी ठेव. व्हय म्हाराजा. इथे हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. आणि मग दाजींच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे पंपापासून फ्रिजपर्यंत प्रत्येक गाऱ्हाण्यात यजमानाच्या नावाने जातंच.

"आज ह्या मास्तरांनी जां काय मनात धरल्यानी आसा, तां कसलांच इघ्न न येता तडीक जावंदे."

"व्हय म्हाराजा."

इतका मोठा व्हय म्हाराजा मी देवळातही ऐकला नव्हता. दाजी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेत होते. हेडमास्तरांना आमची ही रीत कोणी सांगितलीच नव्हती. त्यांनी दोन्ही हात वर केले, एवढ्या एकमुखी संमतीबद्दल सगळ्यांचे आभार मानले, आणि राष्ट्रगीत सुरू करायची खूण केली. राष्ट्रगीत लागल्यावर कोण काय बोलणार? दाजींचं तोंड उघडंच होतं. ते त्यांनी मिटलं, हात खाली घेतले आणि सावधानमध्ये उभे राहिले. राष्ट्रगीत संपलं तशी माणसं पांगली. ज्यांना ऑनलाईन नको होतं तेही, आता ठरलं ना एकदाचं, म्हणत सुटकेने घरी गेले.

सभेचं इतिवृत्त मी ऑफिसात हेडमास्तरांसमोर बसून लिहिलं. 'उपस्थित सर्व पालकांनी एकमताने संमती दिली.' व्हय म्हाराजाचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. तरी लिहिलं. सासूबाईंना दमा आहे, वर्गात तीस पोरं खोकतात, आणि मला घरी आजार न्यायची भीती वाटत होती. भीतीच्या बाजूचा निर्णय आयता समोर आला आणि मी त्याच्यावर सही केली. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाजींकडे गेले. म्हटलं, हेडमास्तरांना खरं सांगते, सभा पुन्हा बोलवायला लावते. दाजी माडाच्या आळ्यात पाणी सोडत होते.

"नको बाई," ते म्हणाले. "सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी. देवासमोर मागलेलां मी परत कसां घेव? आणि स्मिता तेची आवस आसा. तिकाय चेडू व्हया."

"ती आई आहे खरी, पण तुमचं राहिलंच ना सांगायचं?"

"ऱ्हवला," ते म्हणाले आणि पाणी दुसऱ्या आळ्याकडे वळवायला गेले.

रविवारी स्मिता गाडी घेऊन आली. वाडी जमली. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून तयार उभ्या होत्या, कारण मुंबईला निघालेल्या गाडीला दाजींचं गाऱ्हाणं होणार हे धरलेलंच. दाजींनी बॅगा चढवल्या, चाकांची हवा अंगठ्याने दाबून पाहिली, कोकमाच्या सोलांची पिशवी सानवीच्या पायाशी ठेवली. मग म्हणाले, "चला, उशीर होता." बस. सासूबाईंचे हात तसेच जोडलेले राहिले आणि गाडी गेली.

आमच्या वाडीत फोन लागतो, पण इंटरनेटची रेंज वर शाळेपाशीच मिळते. म्हणून आम्ही शिक्षक रिकाम्या वर्गात बसून शिकवायचो. सोमवारपासून माझ्या पडद्यावर चौथीचे चौकोन दिसू लागले. चौथ्या दिवशी त्यात एक नवा चौकोन आला. त्यात अर्धं कपाळ होतं आणि काजूची पानं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानाच्या कडेला काजूखाली दाजी बसले होते. पुतण्याचा जुना मोबाईल दगडाला टेकवून ठेवलेला, बाजूला झावळांचा भारा, हातात सुरी. ती झावळं ते वाडीतून सड्यावर वाहून आणत होते.

पालकांनी वर्गात बसायचं नाही असा नियम होता, तो सांगायला मी मधल्या सुट्टीत बाहेर गेले. खरं सांगायचं तर थोडी रागातच गेले. म्हटलं, दाजी, तुमचा फोन आहे ना, मग संध्याकाळी तिला सरळ फोन करा.

"करतंय मा," ते म्हणाले. "जेवलंस, म्हणून इचारतंय. जेवलंय, म्हणता. मगे पुढे काय?" त्यांनी एक हीर सोलून बाजूला ठेवला. "आमी कधी बोलत होतो, बाई? ती लिवता, मी हीर काढतंय. माका ती लिवताना बघूची आसा."

नियम मी सांगितला नाही. तशीच परत वर्गात आले आणि गुणाकार शिकवायला घेतला.

शेवटचा तास संपला की शिक्षकाने मीटिंग बंद करायची असते. त्या दिवसापासून मी सांगायला लागले, की ज्यांना शंका असतील त्यांनी थांबा. शंका कोणालाच नसतात. पोरं निमिषात पसार होतात. दोन चौकोन उरतात. एकात सानवी मान खाली घालून गृहपाठ करते, तिची वेणी वहीवर पडते आणि ती मागे टाकते. दुसऱ्यात कपाळ, पानं, आणि सुरीचा बारीक आवाज. मी माझा कॅमेरा आणि माईक बंद करून वह्या तपासत बसते. कधी सानवी वही वर करून दाखवते. दाजी मोबाईलवर ओणवे होतात, मान हलवतात, पुन्हा मागे बसतात. अर्धा तास, कधी तास. पोरं नसली तरी शिपाई बाराला सुट्टीची घंटा देतोच; ती वाजली की सानवी वही मिटते आणि दाजी भारा उचलतात.

एकदा हेडमास्तर आत आले. बारा वाजत आले होते. म्हणाले, "बाई, मीटिंग अजून सुरूच?"

"शंका विचारतायत, सर," मी म्हणाले.

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर दोघंजण होते आणि कोणीच काही विचारत नव्हतं. त्यांनी खिडकीतून काजूकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. घाटावर त्यांची धाकटीही चौथीतच होती. मग आले तसे पावलांचा आवाज न करता बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात शिपाई बाराची घंटा द्यायला निघाला होता. आज घंटा देऊ नकोस, असं त्यांनी त्याला हळू आवाजात सांगितलेलं मला आत ऐकू आलं.