चौगलेदादांचा दोनशे आवाजांचा डबा

माझ्या लग्नात चौगलेदादांनी मला आशीर्वाद दिला तो असा : "मंगल, सनईवाल्याचा ट्रेबल लई हाय. कान चिरतोय." मी वाकून नमस्कार करून उभी राहिले, डोक्यात अजून अक्षता होत्या, आणि हा माणूस नवऱ्या मुलाकडं न बघता मांडवाच्या कोपऱ्यातल्या भोंग्याकडं रागानं बघत होता. नवरा बिचारा मला हळूच विचारत होता, हे तुझे कोण लागतात.

लागत कोणीच नाहीत. आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात होतो. ते लीड गिटार वाजवायचे, मी निवेदन करायची. निवेदन म्हणजे काय, "रसिकहो" म्हणून सुरुवात करायची, आणि रसिक खुर्च्यांवरून एकमेकांची गचांडी धरत असले तरी गोड आवाजात बोलत राहायचं. दिवसा मी टायपिंग क्लासात शिकवायची आणि दादा पाटबंधारे खात्यात कारकून होते. तिथं ते काय करायचे हे त्यांच्या साहेबांनाही धड सांगता आलं नसतं.

दादांचं सगळ्या जगाशी एकच भांडण होतं, टोनवरून. कुणाच्या घरी गेले की आधी पाण्याचा तांब्या वाजवून बघणार, मग पाणी पिणार. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला आले. भजन चालू होतं. माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या कानात गंभीरपणे म्हणाले, "मृदंगाला पोट न्हाय." नवऱ्याला वाटलं सांत्वन चाललंय. त्यानं डोळे पुसले आणि मान हलवली.

कुठलाही आवाज ऐकला की "टोन हाय की न्हाय?" हा त्यांचा प्रश्न, आणि "दम न्हाय" हा निकाल. पंधरा वर्षांत माझ्या निवेदनाला त्यांनी एकदाच "बरं हाय" म्हटलं. त्या दिवशी मला सर्दी झाली होती.

नव्वद सालापासून त्यांच्याकडं एक जुना ॲम्प होता. ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. शाहूपुरीतल्या एका रेडिओ मेकॅनिककडून त्यांनी तो मोडीतल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह घालून बनवून घेतला होता. वजन साखरेच्या पोत्याएवढं. तापायला दहा मिनिटं लागायची, आणि एकदा तापला की थंडीत आम्ही सगळे त्याच्याभोवती हात शेकत बसायचो. त्याला रेडिओची जुनी सवय होती. मलकापूरच्या एका जत्रेत आमची गायिका विरहाचं गाणं गात होती. अगदी डोळे मिटून आर्त सूर लावला तिनं, आणि ॲम्पातून खणखणीत आवाजात गुळाचे भाव सुरू झाले. लोकांनी भाव पूर्ण ऐकून घेतले, मग गाणं ऐकलं. आम्ही दादांना बोल लावला तर ते म्हणाले, "भाव सांगणाऱ्याचा टोन बघितलासा का? माझ्या ॲम्पातनं आला म्हणून तसा आला."

आमचे मालक मांडव-डेकोरेशनवाले. ऑर्केस्ट्रा हा त्यांचा हौसेचा धंदा, आणि हौस कमी होऊ लागली की धंदा आठवायचा. दोन हजार सहाच्या सुमाराला त्यांनी नवा कीबोर्ड आणला आणि तो वाजवायला विकी नावाचा एक पोरगा आणला. विकी एक बटण दाबायचा, बासरी. दुसरं दाबायचा, सतार. तिसरं दाबलं आणि गिटार वाजली. मालक खुर्चीत पुढं सरकले. दादांकडं बघून म्हणाले, "आनंदराव, गणपतीपर्यंत बघतो. तुमचा तो भट्टीचा ॲम्प पुन्हा स्टेजवर नको. आवाज सुधारला तर तुम्ही, न्हाईतर गिटार ह्या नव्या पेटीतनंच काढू."

विसाएक वर्षं ज्या जागेवर माणूस उभा राहतो ती जागा एका बटणानं जाणार, हे ऐकून कुणालाही झोप लागली नसती. दादांना लागली नाही ती वेगळ्या कारणानं. "पेटीतल्या गिटारीला दम हाय का, तू सांग," असं ते मला रोज विचारायचे. मी दम नाही असं सांगायची. खरं तर मला दोन्ही सारखंच वाटायचं.

मग दादांनी स्कूटर विकली आणि डबा आणला.

कुणाच्या तरी भाच्याचा मित्र अमेरिकेतून यायचा होता, त्याच्या बॅगेतून तो आला. दिसायला व्हीसीआरसारखा, पुढं गोल बटणं आणि एक हिरवी पाटी. दादांनी मला समजावून सांगितलं, की ह्याच्या पोटात जगातले दोनशे नामी ॲम्प आहेत. खरे नव्हेत, त्यांची हुबेहूब नक्कल. गिटार ह्यात खुपसायची, बटण फिरवायचं, की हवा तो ॲम्प बोलतो. मी म्हटलं, म्हणजे मिमिक्री. आमच्या ऑर्केस्ट्रातला मिमिक्रीवाला बारा नट काढायचा, वर सगळ्यांसाठी चहाही तोच घेऊन यायचा, आणि त्याच्यासाठी कुणाला स्कूटर विकावी लागली नव्हती. दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

डब्याबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, जाडजूड. त्याला त्यांनी शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं, वर लेबल लावून नाव, इयत्तेच्या जागी "लीड गिटार" लिहिलं. रोज ऑफिसात फाइलीखाली धरून वाचायचे. शेताच्या पाटाला पाणी कधी येणार हे विचारायला गेलेल्या एका गृहस्थाला त्यांनी अर्धा तास स्पीकरची जागा आणि आवाजाचा घुमारा ह्यांचा संबंध सांगितला. तो गृहस्थ पाणी आलेलं नसताना समाधानानं घरी गेला.

आपण जुळवलेले आवाज डब्यात नाव देऊन साठवता यायचे. दादांनी इंग्रजी अक्षरांत नावं घातली. चिरका, झणझणीत आवाज तो तांबडा. मऊ, स्वच्छ आवाज तो पांढरा. दोन्ही मिसळून एक होता, त्याचं नाव सुकं. अमेरिकेतल्या ज्या कुणी तो डबा बनवला त्याला आपल्या यंत्रात मटणाचं ताट मांडलंय हे कधी कळलं नसेल.

आवाज पारखायला दादांची पद्धत होती. रविवारी सकाळी गल्लीतल्या चारपाच जणांना माडीवर बोलवायचं, मध्ये चादर टांगायची, आणि चादरीमागं आवाज बदलत राहायचं. ह्या पंच मंडळीत एक माजी पैलवान होते, एक शिंपी होता, आणि मी. शालनवहिनी, म्हणजे दादांची बायको, मिसळ वाढायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत. आपण काही विचारलं तर हसायच्या. मला वाटायचं, कंटाळल्या असतील बिचाऱ्या, कोण नाही कंटाळणार. मिसळ पोटात गेली की पंचांना प्रत्येक आवाज आवडायचा. पैलवान प्रत्येक आवाजाला एकच सांगायचे, "जोरात हाय."

पण एका रविवारी दादांनी पांढरा लावला आणि शिंपीसुद्धा खाताखाता थांबला. थट्टा पुरे, खरं सांगते. मला गिटारमधलं काही कळत नाही, पण तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. एकेक तार स्वच्छ, लख्ख. मालकांनी तालमीत ऐकला आणि विकीला म्हणाले, "तू बासरीच बघ." दादांची जागा राहिली. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की स्कूटर सत्कारणी लागली.

पुढं काय झालं ते आम्हाला कुणालाच कळेना. श्रावण लागला तसा दादांचा आवाज बिघडू लागला. दर तालमीला तो जाड व्हायचा, बसका व्हायचा. वरची चमक गेली, मग मधली गेली, आणि शेवटी घोंगडीत गुंडाळून कुणी गिटार वाजवतंय असा नुसता घूं घूं आवाज राहिला. गाणीही ते जाड तारांवर, खालच्या सुरात वाजवायला लागले. मालक म्हणाले, "आनंदराव, तो पहिला आवाज लावा की." दादा म्हणाले, "ह्यो टोन हाय." मालकांनी समजावलं, धमकावलं, गणपतीच्या वायद्याची आठवण करून दिली. दादा खाली मान घालून म्हणायचे, "कार्यक्रमाला ह्योच लावणार." जन्मभर दुसऱ्यांच्या आवाजात खोट काढली त्याचं पाप फेडतायत, असं मी गायिकेला सांगितलं. मला ते फार विनोदी वाटलं होतं.

गणपतीचा पहिला कार्यक्रम दादांच्या शिवाजी पेठेतच होता. आपल्याच पेठेतली माणसं, म्हणजे दयामाया नाही. दादांनी पहिलं गाणं सुरू केलं आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. दुसऱ्या गाण्याला लोक उभे राहून हात हलवायला लागले. "ओ गिटारवालं पावणं, डब्यात उंदीर मेलाय काय बघा," असं कुणीतरी ओरडलं. मालक विंगेतून खुणा करत होते, विकी कीबोर्डावर हात ठेवून तयार. दादांनी कुणाकडंही बघितलं नाही. त्यांनी आपल्या वाट्याची तिन्ही गाणी त्याच घोंगडीतून पूर्ण वाजवली. मी माईकवर तंत्रज्ञानाविषयी काहीबाही बोलत राहिले. पहिल्या रांगेत हिरव्या इरकलीत शालनवहिनी बसल्या होत्या आणि त्या एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी दुकानात बोलवून मला सांगितलं, की आजपासून विकी. दादांना त्यांनी फोनवर कळवलं होतं. राहिला होता कोट. आमच्या ऑर्केस्ट्रात सगळ्यांना मालकांचा जांभळा कोट असायचा, टिकल्या लावलेला, आणि माणूस सुटला की कोट परत घ्यायची पद्धत होती. तो आणायला जायचं काम माझ्यावर आलं. निवेदिकेनं गोड बोलून आणावा, असं मालक म्हणाले.

दुपारी मी गेले. माडीच्या जिन्यावरच घूं घूं ऐकू येत होतं. मनात म्हटलं, जागा गेली तरी खोड जात नाही. वर दादा जमिनीवर बसून वाजवत होते. शालनवहिनी माझ्याकडं पाठ करून खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर तो कोट होता आणि त्या बाहीवरच्या सुटलेल्या टिकल्या शिवत होत्या. शिवताना मान गाण्याच्या ठेक्यावर हलत होती. "वहिनी," मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. त्यांनी वळून बघितलं नाही.

"तिला तुझा आवाज ऐकू याचा न्हाय," दादा म्हणाले. "बारीक आवाज पडतोय तुझा."

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाली, वहिनींचे कान जात होते. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग बायकांची बोलणी. कानाला लावायचं मशीन आणलं होतं, पण त्यातून सगळा गोंगाट एकदम अंगावर येतो म्हणून त्या काढून ठेवायच्या. कुणालाही सांगायचं नाही अशी त्यांची शपथ होती. लोक मोठ्यानं बोलायला लागतात, ते त्यांना नको होतं.

डब्याशेजारी दवाखान्यातला एक कागद पडला होता. त्यावर एक रेघ होती, डावीकडं वर आणि उजवीकडं घसरत खाली गेलेली. "डाक्टरनं काढून दिली," दादा म्हणाले. "तिला काय ऐकू येतंय आणि काय न्हाय, त्याची रेघ. डबा घेतला जागेसाठीच की, खोटं कशाला बोलू. पण ही रेघ बघितली आणि मनात आलं, डब्यात दोनशे आवाज हायत, एखादा तर हिच्या वाटणीचा असंल. रोज एकेक लावून बघायचो. ही भाकरी थापत असायची. एक दिवस मान वर केली आणि म्हणली, आज कधी बसलासा वाजवाय? मी सकाळपासनं वाजवत हुतो, मंगल."

कोट मागायला जुळवून आणलेली गोड वाक्यं मी तिथंच विसरले. बोलण्याचेच पैसे घेत होते मी इतकी वर्षं.

"काल लोकांचा टोन लावला असता," ते म्हणाले, "तर ही म्होरं बसून नुसती माझी बोटं बघत बसली असती. खालचं एवढं राहिलंय ते बी जाणार. डाक्टर म्हणतोय, कधी ते सांगता येत न्हाय." हे त्यांनी गुळाचे भाव सांगावेत तसं सांगितलं, आणि तारेवरून फडकं फिरवत राहिले.

गिटार परत सुरू होईना तशी वहिनींनी वळून बघितलं. मी दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आवो, कवा आलासा मंगलताई? बसा की." मग दादांकडं बोट करून म्हणाल्या, "आता कुटं वाजवाय लागल्यात बगा हे. आदी नुसती किरकिर हुती, कुणाला सांगायची? काल लोकं कशी हुबं ऱ्हाऊन हात हलवत हुती. लई आवाडलं न्हवं लोकास्नी?"

दादा फडक्याची घडी घालत होते. ती घालून झाली, त्यांनी पुन्हा उलगडली.

मी वहिनींच्या जवळ जाऊन बसले, घसा खाकरला आणि जितका जाड लागेल तितका आवाज लावला. "व्हय वहिनी. वन्समोर मागत होते."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि कोट माझ्यापुढं धरला. "एवढी बाही झाली की झालं. ह्यो आता फुडच्या कार्यक्रमाला लागणार न्हवं?"

"लागणार," मी म्हणाले. "सावकाश शिवा. आणि त्या दिवशी लवकर या, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची धरून ठेवते."

त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि सुई उजेडाकडं धरली. दादांनी डब्याकडं तोंड फिरवलं, उगीच एक बटण थोडं इकडं, थोडं तिकडं केलं, आणि परत वाजवायला घेतलं.