सुपडूनानाची मागची सीट

आमच्या गावात बैलगाडीला भोंगा लावणारा माणूस एकच, सुपडूनाना. जुन्या मोटारीवरचा रबरी फुग्याचा भोंगा. वळण आलं की वाजवायचा, कोंबडी आडवी आली की वाजवायचा, आणि रस्त्यावर कोणीच नसलं तर बैलांना कंटाळा येऊ नये म्हणून वाजवायचा. त्या दमणीत, म्हणजे त्या हलक्या बैलगाडीत, बसायला गवत नाही की गोणपाट नाही. अँबॅसडरची मागची अख्खी सीट, लाल रेक्झीनची. बैलांची नावं वकील आणि मुनीम. मुनीम मुकाट ओढायचा, वकील दर ओढ्याला अडून बसायचा.

हे वाचून तुम्ही नानाला खुळा म्हणाल. गावही म्हणायचं. मी म्हणत नाही. त्या सीटची हकीकत मला ठाऊक आहे. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण माझी सही छापल्यासारखी येते, आणि या हकिकतीत त्या सहीचाही अपमान झालेला आहे. तेव्हा ती मीच लिहिलेली बरी.

आमचं गाव चाळीसगावजवळ. नानाची लिंबाची बाग. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नाशिकला कारखान्यात. जवळचं माणूस म्हणावं तर थोरली बहीण गंगूअक्का, पार पहूरला दिलेली. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. पण आपल्या पायानं येत नाहीत, भाऊ आणायला जातो. त्याला मुराळी म्हणतात. नाना म्हातारा झाला तरी दर आखाजीला मुराळी होऊन जायचा आणि एसटीनं अक्काला आणायचा.

मग अक्का गोठ्यात घसरली. गुडघा जो ताठ झाला तो झालाच. एसटीच्या पायऱ्या चढवेनात, रेल्वेचं तर नावच नको. चार परक्या माणसांनी उचललेलं तिला खपत नव्हतं. ती आखाजी अक्कावाचून गेली. नानाचा एक ठरलेला शब्द होता, "कायदानी बात कर." बैलाला, पोस्टमनला, तलाठ्याला, सगळ्यांना तोच. त्या दिवशी देव्हाऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "देवा, कायदानी बात कर. माले एकच बहीण, आनि तू तिनाच पाय धरस?"

पुढच्या आखाजीला अक्काला स्वतःच्या मोटारीतून आणायचं असं त्यानं ठरवलं. मी म्हटलं, "भाड्याची जीप कर की."

"भाडानी गाडीमा गऊ तं मी बी भाडानाच भाऊ वाटसू."

झालं. तेव्हापासून दिसेल त्या मोटारीचं मागचं दार उघडून हा आत शिरायचा आणि डावा पाय सीटवर लांब करून बघायचा, अक्काचा पाय मावेल का. चाळीसगावात डॉक्टरच्या फियाटमध्ये असाच शिरला. पुढं डॉक्टरीणबाई बसलेल्या. त्या किंचाळल्या. नाना शांतपणे म्हणाला, "बाई, घाबरू नका. तुमनी गाडी आखूड शे," आणि उतरला.

फाल्गुनात आम्ही बँकेत गेलो. नाना कर्जदार, मी जामीन. साहेब तरुण होता, पण बोलायला गोड.

"नाना, ट्रॅक्टरला देतो ना कर्ज. मोटार कशाला?"

"बहीणले आनाले."

"आणखी कशाला?"

"आनखी काहीच नही."

"वर्षातून किती वेळा लागेल?"

"एकच येळ. आखाजीले."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आणि बाकीचे दिवस?"

"ओसरीमा उभी ऱ्हाई. तिले काय चारापानी लागस?"

साहेब हसू दाबत म्हणाला, "प्रवासी वाहतुकीला जीप घेतो असं सांगा. बघू काहीतरी." मी टेबलाखालून नानाचा पाय दाबला. नाना मोठ्यानं म्हणाला, "दामूभाऊ, पाय कसाले दाबस? कायदानी बात कर. खोटी गाडीमा बहीण बसाडू का मी?"

मग साहेब माझ्याकडं वळला. "जामीनदारांचं पगारपत्रक?"

मी म्हटलं, "साहेब, आजपर्यंत मी कोणाच्या पगारावर जगलो नाही. ही सही बघा." त्यानं सही बघितली, छान आहे म्हणाला, आणि कागद परत केला. छान आहे म्हणून परत केलेली सही मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

कर्ज नाकारलं. पण त्या साहेबाचं एक चांगलं. का नाकारलं ते विचारल्यावर नीट सांगितलं. "नाना, लिंबाचे पैसे व्यापारी रोख देतो, तुम्ही ते कणगीत ठेवता. बँकेला तुमची काय ओळख? वर्षभर पैसे खात्यात येऊ द्या, मग या." तुमच्यापैकी कोणाला असं परत पाठवलं, तर रुसून घरी येऊ नका, आधी कारण विचारा. मी रुसून बाहेर उभा होतो, म्हणून हे नानाच्या तोंडून कळलं.

पण आखाजी वर्षभर थांबणार होती का? आम्ही धुळ्याला एका खाजगी फायनान्सवाल्याकडं गेलो. त्यानं सोफ्यावर बसवलं, थंड पाजलं, आणि कोरे कागद पुढं सरकवले. "इथं सही. बाकी आम्ही भरून घेतो."

नानानं कागद उलटसुलट केला. "आठे तं काहीच लिखेल नही. काय वाचीसन सही करू?" बाटली संपवली, तिचे पैसे सोफ्यावर ठेवले आणि मला उठवलं.

मला वाटलं, विषय संपला. पण आठवड्यानं नाना मला जळगावच्या भंगार बाजारात घेऊन गेला. मोडक्या मोटारींच्या सीटा ओळीनं मांडलेल्या. नाना प्रत्येकीवर पाय लांब करून बसला. शेवटी ही लाल सीट पसंत पडली. दुकानदार म्हणाला, "बाबा, गाडी कोणती आहे?"

"दोन बैलनी."

दुकानदार इतका हसला की भोंगा त्यानं फुकट दिला.

जळगाव स्टेशनात गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावर सीट टाकली आणि दोघं ऐसपैस टेकून बसलो. तिकीट तपासनीस आला. "ही सीट इथं? मोटार कुठाय?"

"मांगून येई ऱ्हायनी," नाना म्हणाला.

सुतारानं सीट दमणीत बसवली. वर नवी ताडपत्री, बाजूला पाण्याचा माठ. आखाजीच्या आठवडाभर आधी नाना पहूरला निघाला. उन्हाचे दिवस, म्हणून सकाळ-संध्याकाळ हाकायचं आणि दुपारी झाडाखाली सोडायचं. येतानाही तीन दिवस लागले. आखाजीच्या आदल्या दिवशी वेशीबाहेर भोंगा वाजला आणि सगळं गाव धावलं. लाल सीटवर गंगूअक्का, पाय लांब, डोक्यावर पदर, हातात चिंध्यांचा पंखा. कोणी हसायच्या आधीच ओरडली, "काय पाह्यता रे? मोटारकार पाहेल नही का कधी?"

त्या आखाजीला नानाच्या अंगणात झोका बांधला. अक्का ओट्यावर बसून गाणी सांगत होती, बाया झोके घेत होत्या.

साहेबाचं म्हणणं नानानं ऐकलं होतं. लिंबाचे पैसे खात्यात जाऊ लागले. पुढच्या फाल्गुनात बँकेचं बोलावणं आलं. आम्ही दमणीतच गेलो. साहेब म्हणाला, "नाना, या वेळी होऊन जाईल. जामीनही चालतील." माझ्या सहीला त्यानं मान दिला. मी पेन उघडलं.

नानानं विचारलं, "साहेब, मोटार पहूरहून चाळीसगावले किती येळमा येस?"

"दोन-अडीच तासांत."

"मंग नको," म्हणून नाना उठला.

मी उघडं पेन हातात धरून बसलेलो. परतीच्या वाटेवर मी तोंड सोडलं. "वर्षभर नाचवलंस. आता बँक देते तर तू नाही म्हणतोस? कायद्यानं बोल!"

नानानं कासरा ढिला सोडला. मग म्हणाला, "दामूभाऊ, वरीसभर मी घरमा कोनशी बोलस? भिंतशी. आखाजीले अक्का येस, तं बठ्ठ्या बाया तिले घेरीसन बसतस. मना वाटाले ती येतच नही. दमणीमा तीन दिन ती मनी एकलानी ऱ्हास. मायन्या गोष्टी सांगस. माले दटाडस बी. अडीच तासमा काय व्हई, सांग?"

मी पेन खिशाला लावलं आणि त्या लाल सीटवर पाय लांब करून बसलो. खरंच ऐसपैस आहे. ओढा आला, वकील अडून बसला. नानानं चाबूक उचलला.

मी म्हटलं, "राहू दे नाना. बसू दे त्याला. मला काही घाई नाही. मायच्या कोणत्या गोष्टी सांगते अक्का?"