माती बघायला आलेले साहेब

कुठलीही गोष्ट पारखायला बाहेरचा माणूस येणार असेल, तर त्याची निराशा होऊ नये ही पारखली जाणाऱ्याची जबाबदारी असते. पोरीच्या बाबतीत हे आपण सगळेच पाळतो. मातीच्या बाबतीत मात्र सरकारला आठवण करून द्यावी लागली.

धुळ्याकडच्या आमच्या गावाला पाण्याची उंच टाकी मंजूर झाली. जागा आमच्या गल्लीच्या टोकाला. अट एकच, माती परीक्षणात पास झाली पाहिजे. नापास झाली तर टाकी जाणार नाल्यापलीकडे, भिकुबाईच्या वस्तीत. तिकडची जमीन मुरमाड आहे आणि भिकुबाईला त्याचा फार ताठा. (जसा काही तिनंच पाठीवर वाहून आणलाय मुरूम.) माझ्या दोन्ही सुना रोज नाला ओलांडून तिच्या विहिरीवर जातात, आणि ती रोज विचारते, "काय वं, आज बी उनात का?" म्हणजे, आजही आलातच का. टाकीही तिकडेच गेली असती, तर मी पाणी पिणंच सोडलं असतं.

साहेब येण्याआधी पंचायतीनं माणूसभर खोल खड्डा खणून ठेवायचा असा हुकूम आला. (मातीला तयारीला वेळ मिळावा, हा त्यामागचा उदात्त हेतू असणार.) खड्डा खणला, तर तळापर्यंत कपाशीची काळी, चिकट माती. उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते. माझी धाकटी जाऊ सुंदरबाई काठावरूनच म्हणाली, "अक्का, हाई ते नापास व्हई."

"कशी व्हई?" मी म्हटलं. "पोर दाखाडताना तोंड धोतस का नई?"

मग माझ्या दीपकनं ट्रॅक्टर काढला. तळाला मुरूम टाकला, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून बसवला. खड्ड्याच्या बाजू सुनांनी मुरमानं अशा लिंपल्या, की मलाच दोन घटका तिथं बसावंसं वाटलं.

नवीन साहेब आले. पोरगा गुणी, बूट स्वच्छ. कागदावर तीन ठिकाणची माती बघायची होती. पहिली त्यांनी आमच्या खड्ड्यात बघितली. दुसऱ्या ठिकाणी बाभळीचे काटे होते, म्हणून ती पहिलीवरून ठरवली. तिसरी, पहिल्या दोन्हींची सरासरी काढून. शिकलेले लोक याला अंदाज म्हणतात. आमच्याकडे थोरल्या बहिणीवरून धाकटीचं असंच ठरवतात, आणि नंतर भांडतातही असेच.

साहेबांनी तळात लोखंडी सळई ठेवून वर घण घातला. सळई उलटी उडाली.

"अक्का, तुमची माती म्हणजे दगडच आहे हो!"

"आम्हना गावमा बठ्ठा कडक शेतस, भाऊ," गावात सगळेच कडक, असं मी म्हटलं आणि चहा पुढे केला.

अहवाल आला : माती उत्तम, पाया उथळ चालेल. टाकी उभी राहिली. नारळ मी फोडला. भिकुबाई बघायला आली, तर तिला मुद्दाम उन्हाच्या बाजूला उभं केलं.

पुढे पावसाळा आला आणि मुरमाखालच्या खऱ्या मातीनं पोटभर पाणी पिऊन अंग फुगवलं. पोळ्यापर्यंत टाकी कलली, तीही नाल्यापलीकडच्या अंगाला. आपलं माहेर कुठं असायला हवं होतं, हे तिला आमच्या आधी कळलं असावं.

लगेच चौकशी समिती आली. समितीनं फार सरळ विचार केला. अहवालाप्रमाणे माती पक्की आहे. पक्क्या मातीवर टाकी कलत नाही. सबब टाकी कललेली नाही. फक्त खबरदारी म्हणून तिच्यात पाणी भरू नये.

तर कागदावर आमची टाकी सरळ आहे, आणि सुना पुन्हा नाला ओलांडतात. मी त्यांना बजावलंय, मान वर करून जायचं. भिकुबाई आता टोमणा मारत नाही. नुसती टाकीकडे बघते आणि त्यांची घागर आधी भरून देते. हे जास्त लागतं.

तुम्ही हसताय. हसा. जळगावात, धुळ्यात फ्लॅट घेऊन बसलात ना? पावसाळ्यात न्हाणीघराचं दार अडकतं, की दरवर्षी सुतार बोलावून दार तासून घेता. भिंतीची चीर वाढली, की कॅलेंडर थोडं खाली टांगता. तुमच्या बिल्डिंगखालच्या मातीचं तोंड कुणी धुतलं होतं, हे कधी विचारलंत?

आमची टाकी निदान रिकामी ठेवलीय. तुम्ही तर आत झोपता.