अजून शक आहे

सुर्वे सुभेदार पापलेट घेतानासुद्धा त्याची उलटतपासणी करत. कल्ला उघडून आत बघत, डोळ्यावर बोट दाबत, वास घेत. मांडवी बंदरावरची मासेवाली वैतागून म्हणायची, "सुभेदारानु, खायचाय की जावई करायचाय?"

"शक आहे," एवढंच ते म्हणत. हा शब्द त्यांनी फौजेतून पेन्शनीबरोबर आणला होता.

आम्हा सिक्युरिटी गार्डना ते पिस्तूल शिकवत. मी परभणीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. त्यांनी पास केलं तर कॅशव्हॅनवर नोकरी, नाहीतर पिशवी उचलून गावी. त्यात फॉर्मवर मी दहावी पास लिहून बसलेलो.

पिस्तूल अडकलं तर काय करायचं, हा त्यांचा आवडता विषय. खोटी काडतुसं भरून ते मुद्दाम अडकवून देत. पहिल्याच दिवशी माझ्या हातात नुसतं 'खट्' झालं. मी गडबडलो. मागून सुभेदार ओरडले, "थाप मार!"

मी मारली. "साहेब, मी दहावी पास आहे!"

"अरे मेल्या, मला नव्हे, मॅगझिनला! खालून तळव्याने थाप, वरची स्लाईड मागे ओढून सोड, मग बघ. पिस्तुलाचं तोंड वाळूच्या पोत्याकडेच. बोट ट्रिगरपासून लांब." मग जवळ येऊन हळूच, "खरी कितवी?"

"आठवी."

ते पुढच्या गार्डकडे वळले. हा माणूस आपल्याला घालवणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

पुढे तर त्यांनी मला एकट्यालाच रोज दुपारी घरी सरावाला बोलावलं. घरात दुसरं माणूस नाही. सराव झाला की मासे-भात. "तुम्हा घाटावरच्यांना काटे कळत नाहीत," म्हणत काटेही तेच काढून देत. फुकट कोण कुणाला जेवू घालतं?

"दोन काडतुसं एकदम अडकली तर?"

"आधी मॅगझिन बाहेर, साहेब. मग स्लाईड ओढून आतलं मोकळं करायचं."

"बरोबर. पण अजून शक आहे. उद्या ये."

दोन आठवडे हेच. शेवटी धीर करून ऑफिसात विचारलं, "सुभेदार मला नापास करणार का हो?"

कारकून हसला. "कागद मागच्या सोमवारीच आला की. एक तारखेपासून तू व्हॅनवर. शिक्षणात दहावी खोडून त्यांनीच आठवी केलीय. खाली लिहिलंय, चालेल, जबाबदारी माझी."

मागच्या सोमवारीच! आणि सुभेदार अजून रोज म्हणत होते, शक आहे, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर दोन ताटं मांडून तयार. सुभेदारांनी दोन काडतुसं अडकवलेलं पिस्तूल पुढे केलं. मी तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्याकडे धरलं आणि मॅगझिन न काढताच स्लाईडशी झटापट सुरू केली.

"बघ! बघ मेल्या!" सुभेदार इतके खुललेले मी कधी पाहिले नव्हते. "म्हटलंच होतं मी. अजून महिनाभर तरी यायला लागेल तुला."

"होय साहेब," म्हटलं, आणि हात धुवायला गेलो.