साडेपाच तास मागचे अप्पा

चाळीसगावच्या दिगंबर खैरनारांचा दिवस गेल्या आषाढापासून साडेपाच तास उशिरा चालत होता आणि गल्लीला त्याची सवय झाली होती. त्यांची मुलगी हेमांगी सकाळी आठला त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर पोह्यांची बशी ठेवी, काय सांगायचे ते खुर्चीला सांगे आणि कामाला बसे. दीड वाजता अप्पा येऊन खुर्चीत बसत, पोहे छान गरम आहेत म्हणत आणि तिच्या आठच्या बोलण्याला उत्तर देत. दूधवाला आणि पोस्टमनही त्यांच्याशी असेच बोलत.

चूक हेमांगीची होती. दवाखान्यांच्या भेटींसाठी कॅलेंडरच्या फायली तयार करणारा प्रोग्राम ती घरी बसून लिहीत असे. तारीख आणि वेळ दिली की एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला कोड, बाकीची फाईल रचून देई. आई गेल्यावर अप्पांच्या गोळ्या चुकू लागल्या, तेव्हा तिने त्यांचा अख्खा दिवस अशाच एका फाईलमध्ये घातला. प्रत्येक वेळेच्या शेवटी एक 'झेड' चुकून तसाच राहिला. ही वेळ इथली नाही, ग्रिनिचची आहे, असा त्या अक्षराचा अर्थ. तिने तयार फाईल प्रोग्रामकडून परत वाचून तपासलीही होती, पण लिहिणारी आणि वाचणारी लायब्ररी एकच, त्यामुळे सगळे बरोबर दिसले.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. मात्र ती केली की अप्पा एकदम आत्ताच्या वेळेला येणार आणि मधले साडेपाच तास त्यांना कधीच मिळणार नाहीत, असे तिचा सहकारी सलीम तांबोळी याने तिला सांगितले होते. मधल्या तासांत रोज काहीतरी असायचेच. कधी आत्याचा फोन, कधी नुसती मॅच. दुरुस्ती राहून जाई.

त्या गुरुवारी सकाळी कंपनीचे पत्र आले. पुण्याच्या ऑफिसातली जागा दुसऱ्या कोणाला दिली होती, कारण हेमांगीने दोनदा नाही म्हटले होते. तिने पोहे ठेवले आणि खुर्चीला म्हणाली, "तुमच्यामुळे माझं आयुष्य इथे कुजतंय, अप्पा." समोर कोणी नसले की माणूस बोलून जातो.

साडेआठला काशिनाथ वाणी आले. एसटीच्या आगारात ते आणि अप्पा तीस वर्षे एकत्र होते. ते नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमात कायमचे राहायला निघाले होते आणि निरोप घ्यायला आले होते. हेमांगीने त्यांना चहा दिला आणि दोघांना बोलू द्यावे म्हणून ती आत गेली. काका अर्धा तास खुर्चीसमोर बसले, मग बॅग उचलून स्टेशनकडे गेले.

दहा वाजेपर्यंत तिला आपले वाक्य सहन होईना. तिने सलीमला फोन केला.

"दीडच्या आत फाईलमधला टाइम झोन बदल," तो म्हणाला. "वाक्य पोचणारच नाही."

"आणि वाणीकाका?"

"तेही नाही पोचणार."

एकच तुकडा काढता येतो का, हे तिने विचारले. येत नाही, तो म्हणाला. तिने फाईल उघडली, बराच वेळ पाहिली आणि बंद केली. मित्राचा शेवटचा निरोप त्यांच्याकडून काढून घेण्याचा हक्क आपल्याला नाही, असे तिला वाटले. बारा वाजता अप्पा स्वयंपाकघरात त्यांचा साडेसहाचा चहा घेत होते. तिने तिथेच त्यांची माफी मागितली. ती साडेपाचला पोचणार होती.

दीडला अप्पा खुर्चीत बसले. पोह्यांचा पहिला घास घेतला आणि थांबले. हेमांगी त्यांच्याकडे बघत समोर उभी होती.

"बरोबर आहे तुझं, हेमा," ते म्हणाले. पोहे त्यांनी संपवले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बशी विसळली.

दोनला ते पुन्हा खुर्चीत येऊन समोर बघत हसू लागले. आगारातल्या जुन्या गोष्टी निघाल्या असाव्यात. मग ते एकदम गंभीर झाले.

"खोली दोघांची आहे?" त्यांनी विचारले. थोड्या वेळाने म्हणाले, "येतो मी. पाच मिनिटं दे."

हेमांगीने त्यांचा हात धरला. तो हात त्यांना संध्याकाळी जाणवणार होता. त्यांनी दोन शर्ट, गोळ्या आणि आईचा फोटो पिशवीत भरला आणि रस्त्याच्या कडेकडेने, सोबत्याला जागा ठेवून, ते स्टेशनकडे चालू लागले. ती मागे मागे गेली.

पावणेतीनला प्लॅटफॉर्मवर गाडी नव्हती. अप्पांनी पिशवी वर दिली आणि ती कोणीतरी घेतली. दांडा धरून त्यांनी पाय वर टाकला आणि ते आत गेले. हमाल म्हणाला, सव्वानऊची आज वेळेवर सुटली होती.

हेमांगी चालतच परतली. साडेपाचला तिची माफी रिकाम्या स्वयंपाकघरात पोचली. ती संपेपर्यंत हेमांगी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आणि मग दिवा लावायला आत गेली.