टिटवीचा सत्कार आणि बंधाऱ्याचं भोक

एका जंगलात एक मातीचा बंधारा होता. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तळं, खालच्या अंगाला वस्ती. म्हणजे बघा बाळांनो, वस्तीतल्या सगळ्यांच्या डोक्यावर पाणी होतं. डोक्यात काय होतं ते आता गोष्टीत कळेलच. नीट बसा. नाकातलं बोट काढा.

या बंधाऱ्याच्या राखणीला एक टिटवी होती. सारजा तिचं नाव. काम सोपं. दिवसभर बंधाऱ्यावरून चालायचं आणि कुठे पाझर दिसला की ओरडायचं. ओरडणं ऐकून रेडे येतील, चिखल तुडवतील, भोक बुजवतील, असं राजाने ठरवून दिलं होतं. राजे ठरवून देण्यात फार पटाईत असतात.

सारजा राहायचीही तिथेच. टिटवीला घर कसलं? चार गारगोट्या सरकवल्या की झाला वाडा. त्या गारगोट्यांत तिची अंडी होती. ठिपक्याठिपक्यांची, थेट खड्यांसारखी. बंधारा गेला असता तर वस्ती गेली असती हे खरं, पण सगळ्यांत आधी ही अंडी गेली असती. म्हणून सारजा डोळ्यांत तेल घालून राखण करायची.

आता टिटवीच्या ओरडण्याची एक पंचाईत असते. ती ओरडली की लोक म्हणतात, अपशकुन झाला. जंगलाने हीच टिटवी ओरडायच्या कामाला ठेवली आणि वर तिला बजावलं, "जरा बेताने ओरडत जा हो. घरात लहान पोरं आहेत." हसताय काय? मोठमोठी राज्यं अशीच चालतात.

किडे टिपायला सारजा वस्तीत उतरली की तिची धडगत नसायची. सशीणबाई तर वाटच बघत असायच्या.

"काय गं सारजे, काल पाणी गढूळ आलं!"

"अहो, वर म्हशी डुंबत होत्या. मी का तळं ढवळते?"

"मग आम्ही विचारायचं कोणाला? राजाला? तो दिसतो का कुठे? तू दिसतेस!"

खरंच, ती दिसायची.

एकदा काय झालं, एका साळिंदराने बंधाऱ्यात बीळ कोरायला घेतलं. साळिंदर राणीसाहेबांच्या माहेरचं. त्याला कोण बोलणार? कोरता कोरता ते पार तळ्याच्या बाजूला निघालं, नाकात पाणी गेलं, तसं शिंकत पळून गेलं. भोक राहिलं. त्यातून बोटाएवढी धार सुरू झाली. नेमकी सारजाच्या अंड्यांच्या खाली.

सारजा ओरडली, "टिटीव् टिव्! टिटीव् टिव्!"

वस्तीतल्या सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ज्यांना हात नव्हते त्यांनी नुसते कान पाडले. रेडे काही आले नाहीत.

सारजा उडत उडत कोल्ह्याकडे गेली. कोल्हा राजाचा कारभारी. त्याच्या गुहेबाहेर सगळे ताटकळत बसायचे, पण आज सारजाला पाहून तो स्वतः बाहेर आला.

"या या, सारजाबाई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच तुमचं नाव काढलं. उद्या तुमचा सत्कार आहे!"

"माझा? कशाबद्दल?"

"अहो, गेल्या पावसाळ्यात बंधारा फुटला नाही ना! महाराज म्हणाले, त्या टिटवीचं काहीतरी करा."

"मग चिखल करा. बंधाऱ्याला भोक पडलंय, कोल्हेभाऊ. दोन रेडे द्या, एका सकाळचं काम आहे."

"केवढं भोक आहे?"

"बोटाएवढं."

"छे छे. बोटाएवढ्या भोकाला रेडे देता येत नाहीत. हाताएवढं होऊ दे, मग या."

"हाताएवढं झाल्यावर मी येणार नाही, भाऊ. वाहत येतील ती माझी अंडी."

"आणि तसेही रेडे मोकळे कुठे आहेत?" कोल्हा हसून म्हणाला. "तुमच्याच सत्काराचा मांडव घालतायत."

"मांडव कुठे घालताय?"

"बंधाऱ्यावर! वारा झकास लागतो. फोटोत मागे तळंही येतं."

चिखल मागायला आलेल्या बाईला मांडव मिळाला, तर तिने बोलायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल बंधाऱ्यावर लोटलं. महाराज आले आणि बसल्या बसल्या झोपी गेले. प्रमुख पाहुणे म्हणून गजराज आले. ते चढून आले तेव्हा बंधारा कण्हला. ऐकू फक्त सारजाला आलं. धार आता मनगटाएवढी झाली होती.

सारजाला उंच खुर्चीवर बसवलं. तिच्या अंगावर शाल घातली. शाल मापाने गजराजांना पुरली असती. सारजा त्यात बुडाली. नुसते दोन डोळे आणि चोचीचं टोक बाहेर. मग मांडीवर नारळ ठेवला. तिला मांडी नव्हती, त्यामुळे तो पोटावरच बसला. उडणं तर सोडाच, शिंकही येईना.

"मला दोन शब्द बोलायचेत," शालीतून आवाज आला.

"सत्कारमूर्तीचं मनोगत शेवटी असतं, बाई," कोल्हा कानाशी कुजबुजला. "आधी स्वागतगीत, मग पाहुण्यांची ओळख, मग पाहुण्यांचं भाषण. रीत आहे."

कोकिळेने स्वागतगीत म्हटलं. लांबलचक म्हटलं. मग कोल्ह्याने गजराजांची ओळख करून दिली. एवढ्या मोठ्या प्राण्याची ओळख, वेळ लागणारच.

खुर्चीच्या खाली जमिनीत खळखळ ऐकू येऊ लागली. सारजाने मान वाकडी करून पाहिलं. मांडवाच्या कडेलाच तिच्या गारगोट्या होत्या. त्यातली एक हळूच घसरली आणि उतारावरून खाली गेली.

"टिटीव्!" सारजा ओरडली. "टिटीव् टिव्!"

"बाई भारावून गेल्या आहेत!" कोल्हा गरजला. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

"आज तरी अपशकुन करू नको गं," पहिल्या रांगेतून सशीणबाई म्हणाल्या. "सणासुदीचा दिवस."

गजराज भाषणाला उभे राहिले. "मित्रहो," ते म्हणाले, "हा बंधारा असा भक्कम आहे!" आणि भक्कम म्हणजे कसा, हे दाखवायला त्यांनी पाय आपटला.

आणखी एक गारगोटी घसरली.

"भक्कम!" गजराजांनी दुसरा पाय आपटला.

आता मात्र सारजाने रीतभात गुंडाळून ठेवली. तिने शालीच्या आतून दोन्ही पाय ताणले आणि नारळाला अशी लाथ हाणली की खुर्ची, शाल, नारळ आणि सत्कारमूर्ती सगळी एकदम कोलमडली. नारळ टुणटुण उड्या मारत तळ्याच्या बाजूला गेला आणि पाण्यात पडला. भोवऱ्यात सापडला. गरगर फिरला. आणि भोकाच्या तोंडात जाऊन "ढुप्" असा बसला.

धार थांबली. अगदी नाही थांबली, नारळाच्या बाजूने अजून फुसफुसत होती. सारजाने शालीचं टोक चोचीत धरलं आणि फरफटत पाण्यात नेलं. पुढचं काम पाण्यानेच केलं. शाल सुर्रकन आत खेचली गेली. पाणी गप्प झालं.

सारजा धावत गारगोट्यांपाशी गेली. एक अंडं कडेला आलं होतं. तिने ते चोचीने आत ढकललं, चारी अंड्यांवर बसली आणि डोळे मिटून घेतले.

मग गजराज फुत्कारले, "माझं भाषण चाललेलं असताना!"

"सत्काराचा अपमान!" रेडे म्हणाले. त्यांनी मांडव घातला होता ना, म्हणून त्यांना जास्त लागलं.

या गडबडीत महाराज जागे झाले. "काय झालं रे?"

कोल्ह्याने तळ्यात वाकून पाहिलं. नारळ पाहिला, शालीचं टोक पाहिलं. कोल्हा तो कोल्हाच.

"महाराज," तो म्हणाला, "आपण दिलेल्या शालीने बंधारा वाचवला!"

"मला ठाऊकच होतं," महाराज म्हणाले. "म्हणूनच दिली."

लगेच महाराजांचा जयजयकार झाला. गजराजांना तिथल्या तिथे आठवलं की नारळ आपणच निवडला होता. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. घरी जाता जाता सशीणबाई सारजापाशी थांबल्या.

"शाल भिजवलीस ना गं? कोरी करकरीत होती."

सारजा अंड्यांवर सावरून बसली. अंडी उबवताना विचार करायला सवड मिळते. तिने रात्रभर विचार केला.

सकाळी तिला बंधाऱ्यात आणखी एक भोक दिसलं. साळिंदर पुन्हा आलं होतं. माहेरचंच ते, त्याला कशाची भीती! सारजा ओरडली नाही. पंख नीट साफ केले आणि कोल्ह्याकडे गेली.

"कोल्हेभाऊ, कालचा सत्कार काय सुरेख झाला!"

"झाला ना?" कोल्हा खूश झाला.

"एक मनात होतं. पलीकडच्या टोकाला माझी जाऊ राहते. इतकी वर्षं राबतेय बिचारी. तिचा कोणी कधी सत्कारच केला नाही."

"अरेरे! मग आजच उरकू. त्यात काय एवढं?"

"शाल जरा जाड बघा हं. नारळ चांगला टपोरा घ्या. आणि मांडव खाली वस्तीतच घाला. उगीच गजराजांना चढ कशाला?"

"किती विचार करता हो तुम्ही दुसऱ्यांचा!" कोल्ह्याचे डोळे पाणावले.

संध्याकाळच्या आत दुसरं भोक बुजलं.

पुढे जावेच्या बहिणीचा सत्कार झाला, नणंदेचा झाला, नणंदेच्या सासूचा झाला. एकदा सत्कार करायला कोणीच उरलं नाही, तेव्हा साळिंदराचाही झाला. दोन रेडे मात्र त्या बंधाऱ्याला आजतागायत मिळालेले नाहीत. सारजाची पिल्लं अंड्यातून बाहेर आली तीच खालून येणाऱ्या टाळ्यांच्या आवाजात. बिचाऱ्यांना वाटलं, या आपल्यासाठीच आहेत.

बंधारा अजून उभा आहे. त्यात माती किती आणि मानसन्मान किती, ते कोणालाच सांगता येत नाही. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं की आतल्या अंगाला जरीचे काठ चमकतात. लांबून लांबून लोक बघायला येतात.

तात्पर्य: संकट दिसलं तर उगाच ओरडून लोकांची झोप मोडू नये. कामाला लागणारं सामान तर मुळीच मागू नये, ते मिळत नसतं. मुकाट्याने सत्कार मागावा, तो नाही म्हणायची कोणाची टाप नाही. शाल मात्र लोकरीचीच घ्यावी. रेशमी शाल दिसते छान, पण पाणी धरत नाही.