बायकोच्या गाडीचा क्लच

निवड कशी करावी हे मला कुणी शिकवायला नको! रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर बातम्यांचा ढीग येऊन पडतो. त्यातली कुठली पहिल्या पानावर, कुठली आतल्या पानात आणि कुठली थेट टोपलीत, हे मी चहा निवायच्या आत ठरवतो. अशा माणसाला दुचाकीचा एक क्लच निवडणं म्हणजे काय? भाजी निवडण्याइतकं सोपं!

"तुम्ही भाजी कधी निवडलीय?" बायकोने विचारलं.

मी विषय बदलला.

गाडी बायकोची आहे, हे आधी सांगून टाकतो, कारण लोक एकदा गाडीकडे बघतात, एकदा माझ्या पोटाकडे बघतात आणि गोंधळतात. ही डर्टबाइक. उंच, सडपातळ, अंगावर आरसा नाही की दिवा नाही, आणि चिखल लागल्याशिवाय जिला चैन पडत नाही अशी. बायको दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात उपटते आणि रविवारी क्लबबरोबर टेकड्या चढते. दोन्हींत समोरच्याला घाम फुटतो. तिला नाही.

पण हल्ली तिचा डावा अंगठा कुरकुरायला लागला होता. दिवसभर हातात पकड, आणि रविवारी क्लचची लिव्हर सारखी दाबायची. हाताच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, "दात किंवा क्लच. एक सोडा."

ही बातमी सगळ्यात आधी कुणाच्या कानावर गेली असेल, तर बायकोच्या थोरल्या भावाच्या. आमच्या घरात सगळेच त्यांना दादा म्हणतात. दादा त्याच क्लबात. त्यांची स्वतःची गाडी गेल्या मोसमात ओढ्यात बसली ती उठलीच नाही. ते आले, गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि मायेने म्हणाले, "मी सांभाळतो हिला. घरातल्या घरात राहील."

बायको म्हणाली, "येत्या रविवारी एकदा टेकडी चढून बघते. हात दुखला तर गाडी तुझी."

पेशंटला 'हा दात काढावा लागेल' असं सांगते ना, अगदी त्याच थंड आवाजात. पण दादा गेल्यावर ती खाली उतरली आणि आधीच स्वच्छ असलेली टाकी कितीतरी वेळ पुसत बसली. मी गॅलरीतून बघितलं. वर आल्यावर मी छाती काढून म्हणालो, "गाडी कुठेही जाणार नाही! कंपनीचा क्लच काढून चांगल्यातला बसवू. निवडायचं काम माझं!"

गाडीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना क्लबातले लोक 'इतिहासकार' म्हणतात. साधा नट मागितला तरी ते चाकाच्या शोधापासून सुरुवात करतात. एके काळी शर्यती मारलेला माणूस. दुकानात स्वतःचेच फोटो आहेत आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूल आहे. का, ते बसल्यावर कळतं.

"क्लच म्हणजे काय?" त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. "इंजिन आणि चाक यांच्यातलं लग्न! कधी धरायचं, कधी सोडायचं—"

"सगळ्यात दमदार कोणता?" मी विचारलं.

"दमदार म्हणाल तर कडक स्प्रिंगांचा हा संच. पण मूळ प्रश्न—"

"द्या!"

संच बसला. क्लच घसरायचं नाव घेईना, खरंच दमदार. फक्त लिव्हर दाबली जाईना. बायकोने प्रयत्न केला आणि हात झटकला. मग दादा पुढे आले. दोन्ही हातांनी लिव्हर धरली, डोळे मिटले, चेहरा बिटासारखा झाला. लिव्हर तसूभर हलली आणि परत आली. दादांना बरोबर घेऊन.

"अहो," बायको म्हणाली, "ही लिव्हर दवाखान्यात लावा. अक्कलदाढ निघेल हिने."

"छान आहे की," दादा बोटं चोळत म्हणाले. "मला चालेल."

शनिवारी मी पुन्हा स्टुलावर. या वेळी आधीच बजावलं, "माणसाला क्लच दाबायलाच लागू नये, असं काही आहे?"

इतिहासकारांचे डोळे चमकले. "आहे! आपोआप चालणारा क्लच. त्याचं असं आहे, वाफेच्या इंजिनाच्या काळात—"

"मुद्दा?"

"इंजिनाचा वेग कमी झाला की तो स्वतःच सुटतो. ॲक्सिलरेटर पिळला की स्वतःच धरतो. लिव्हर असते, पण नावाला. तिला हात नाही लावला तरी चालतं."

"बांधा!"

"साहेब, शेवटी एक-दोन गोष्टी फार महत्त्वाच्या—"

"शेवटचं राहू द्या!"

इथे जरा आमच्या धंद्याचं सांगायला हवं. आमच्याकडे महत्त्वाचं ते आधी लिहितात. खाली खाली फुटकळ. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, डोळे मिटून! इतकी वर्षं कापतोय, एकाही वाचकाची तक्रार नाही. जगात महत्त्वाचं शेवटासाठी राखून ठेवणारी माणसंही राहतात, याची मला कल्पनाच नव्हती.

क्लच बसला आणि रविवारी सकाळी गाडी टेम्पोत घालून आम्ही टेकडीच्या पायथ्याशी. ही टेकडी म्हणजे क्लबचा मानबिंदू. सरळसोट मातीचा चढ, मध्ये खडी, वर करवंदीसारखी काटेरी झुडपं. जो न थांबता चढला तो खरा. टेम्पोपासून पायथ्यापर्यंत बायकोने गाडी आणली, थांबवली आणि उतरली. इंजिन मंद घुरघुरत होतं.

"इंजिन तापू दे. मी हेल्मेट घेऊन येते. नुसती धरा. कशाला हात लावू नका."

मी धरली. तेवढ्यात दादा आले.

"भाऊजी, हिला जीव आहे का? आवाजच नाही!"

"जीव? ऐका!"

"गिअरमध्ये असेल हो. जपून."

आता मला हसू आलं. गिअरमध्ये असती तर एकतर पळाली असती, नाहीतर बंद पडली असती. गाडी शांत उभी, म्हणजे न्यूट्रल! एवढा तर्क कुणालाही जमतो. मी दादांकडे बघत, जरा ऐटीत, ॲक्सिलरेटर पिळला.

गाडी निघाली!

माणूस पडायला लागला की हातात असेल ते घट्ट धरतो. माझ्या हातात नेमका ॲक्सिलरेटर होता. जितकी भीती वाटेल तितका मी पिळला, जितका पिळला तितकी ती धावली, आणि जितकी धावली तितकी भीती वाटली! मी बाजूने पळत होतो. पळत होतो म्हणणं माझ्या पायांवर अन्याय होईल, ते मधूनमधूनच जमिनीला लागत होते. मागून दादा ओरडत होते, "सोडा, भाऊजी, सोडा!" खडी गेली, चढ गेला, आकाश जवळ आलं. अखेर झुडपांनी आम्हां दोघांना कवेत घेतलं. हाताला लाल बटण लागलं, ते दाबलं आणि इंजिन बंद झालं.

शांतता. मग खालून टाळ्या!

मी हात हलवला. आता मात्र शहाणपणाने वागायचं ठरवलं. काट्यांतून गाडी ओढून काढली आणि चढाच्या तोंडाशी उभी केली. चढावर गाडी गिअरमध्ये ठेवली की हलत नाही, हे दादांचंच वाक्य. गाडी तर गिअरमध्ये होतीच, हे आता सिद्ध झालं होतं. मी स्टँड लावला आणि शर्ट झटकायला मागे वळलो.

गाडी हळूच मागे सरकली. अगदी सभेतून उठून जाणाऱ्या माणसासारखी. मग स्टँड मिटला, गाडी आडवी झाली आणि घसरत, उड्या मारत, दोन कोलांट्या खात निघाली. खालची मंडळी दोन्ही बाजूंना पांगली. फक्त बायको हेल्मेट हातात घेऊन जागची हलली नाही. गाडी तिच्या पायांशी येऊन थांबली.

मी उतरता उतरताच इतिहासकारांना फोन लावला.

"हेच तर सांगत होतो!" ते म्हणाले. "या क्लचची गाडी गिअरमध्ये असूनही शांत उभी राहते, म्हणून उगाच ॲक्सिलरेटर पिळू नये. आणि इंजिन बंद झालं की गिअर तिला धरत नाही, म्हणून उतारावर ठेवू नये."

"आधी का नाही सांगितलंत?"

"शेवटी सांगणार होतो!"

खाली दादा गाडीवर वाकले होते. त्यांनी जमिनीवरून काहीतरी उचललं. क्लचची लिव्हर होती, मुळापासून मोडलेली.

"झालं," ते म्हणाले. "लिव्हरच गेली. आजचा दिवस संपला. मी टेम्पोत टाकतो आणि घरी नेऊन नीट करतो."

'घरी' म्हणजे कुणाच्या, ते सगळ्यांना कळलं. मी मान खाली घातली. तिच्या गाडीवरचा शेवटचा रविवार मी स्वतःच्या हाताने टेकडीवरून ढकलून दिला होता.

बायकोने ती लिव्हर घेतली. उपटलेल्या दाताकडे बघते तशी उलटसुलट करून पाहिली.

"दादा," ती म्हणाली, "हिची गरजच काय?"

तिने लिव्हर माझ्या खिशात ठेवली. गाडी उभी केली, हँडल सरळ केलं, हेल्मेट चढवलं. स्टार्टरचं बटण दाबताच इंजिन घुरघुरलं. पायाने गिअर टाकला. गाडी शांत. मग तिने ॲक्सिलरेटर पिळला. किती, ते तिला माहीत होतं.

ती गेली. डावा हात हँडलवर नुसता टेकलेला, दवाखान्यात पेशंटच्या खांद्यावर ठेवते तसा. खडीवर मागचं चाक थोडं नाचलं, पण गाडी थांबली नाही. वर पोचल्यावर ती वळली, डावा हात उंच केला आणि बोटं उघडून मिटून दाखवली. एकदा, पुन्हा एकदा. इतक्या लांबूनही ती हसत होती हे मला कळलं.

दादा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "तिच्याकडेच शोभते हो." आणि टेम्पोत गाडी बांधायला आणलेला दोर गुंडाळायला लागले.

आता आपली पाळी, हे मी ओळखलं. क्लच कुणी निवडला, कसा निवडला, हे लोक विचारणारच! उत्तर मी मनात तयार ठेवलं, थोडक्यात. आणि खरोखरच क्लबचे अध्यक्ष पांढऱ्या मिशा सावरत माझ्याच दिशेने आले. मागे सगळी मंडळी.

"वा, साहेब, वा!" त्यांनी माझा हात हातात घेतला. "हा चढ आजवर पायी पळत कुणी चढलं नव्हतं. तेही या वयात! आम्हांला एकच सांगा, बूट कोणते वापरता?"

सगळे उत्सुकतेने वाकले. मीही वाकलो.

उजव्या पायात ऑफिसची चप्पल होती. डाव्या पायात तीही नव्हती.